सोनबाचा डावा पाय

कुडपण,
२७ ऑक्टोबर १९५७

आनंदीवयनी, तुमाला आन् महिपतदादाला आवडीचा नमस्कार.

सोनबाच्या बारशाला बोलावणं आलं नाय म्हणून दादा अजून रुसलाय, असं पोलादपूरच्या बाजारात कळलं. राग धरू नका. आमी कोणालाच बोलावलं नाय. का, ते आज लिहिते. मी तिसरी शिकलेली, अक्षर लागलं नाय तर दादाकडून वाचून घ्या.

शिमग्यानंतर पोरगा झाला तेव्हा सुईणीनं त्याला माझ्या हातात दिलाच नाय. सासूबाईंच्या हातात दिला आन् दोघी त्याला दाराच्या उजेडाला घेऊन गेल्या. मला वाटलं पोर गेलं. मग रडला. त्याचा डावा पाय घोट्यातनं आत वळलेला हाय. तळवा वर बघतो, टाच दिसतच नाय. सासूबाई बोलल्या, तेल लावून चोळू, सरळ होईल. रोज चोळत होत्या, मायेनंच चोळत होत्या. मग खालच्या गावचा हाडवैद्य आला. त्यानं कळकाच्या पट्ट्या घट्ट बांधल्या. कातडी गेली, महिनाभर जखम वाहत होती, पाय होता तसाच.

हे गणपतीला मुंबईहून आले. पायाकडं बघितलं. पोराला मांडीवर घेऊन पाय फडक्यात गुंडाळून बसून राहिले, आन् सुट्टी संपायच्या आधीच गोदीवर परत गेले.

आता पोरगा खांबाला धरून उभा राहायला बघतो. वळलेल्या पायाच्या पाठीवर उभा राहतो वयनी, वरची कातडी जमिनीला लागते. दादा कचेरीत हाय, त्याची डॉक्टरांशी ओळख असंल. विचारा. आन् खरं काय ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

आवडी


महाड,
३ नोव्हेंबर १९५७

आवडी,

तुझं पत्र तुझ्या दादांनी उभ्याउभ्या वाचलं आणि कचेरीला जायच्या आधी दवाखान्यात गेले. बारशाचा राग वगैरे आता काही नाही.

डॉक्टर म्हणाले, काही मुलं असा पाय घेऊनच जन्मतात. आईनं काही केलं म्हणून होत नाही, ग्रहणात बाहेर आली म्हणूनही नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तिथं कोणी ना कोणी तुला ऐकवलं असणार. दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं बाहेर वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, असं करत करत ते जागेवर आणतात. जन्मल्या जन्मल्या आणला असता तर सोपं होतं. आता हाड धरत चाललं आहे, तरी वेळ गेलेली नाही. किती महिने लागतील हे त्यांनी सांगितलं नाही. तू खरं लिही म्हणालीस म्हणून हेही लिहिते.

भातकापणी झाल्यावर येते असं करू नकोस. जी पहिली एसटी मिळेल तिनं ये. माझ्या घरात दोन वेळा पाळणा बांधला आणि दोन्ही वेळा सोडला, तुला माहीत आहे. लहान मुलाचं करायला माझे हात मोकळे आहेत.

आनंदी


कुडपण,
२२ डिसेंबर १९५७

वयनी,

मी पोचले. दादानं पोलादपूरपर्यंत सोडलं, पुढं वरच्या वाडीच्या बायका सोबत होत्या. त्यांनी विचारलं, पोर कुठं? मी बोलले मामाकडं. पुढं कोणी काय विचारलं नाय.

पोराला ठेवून जाऊ नको असं तुमी एकदाही बोलला नायत, आन् ठेवून जा असंही नाय. ते मला बरं वाटलं. पण मी तरी काय करणार होते? भात खळ्यावर तसंच पडलं होतं, नाचणी कापायची राहिली होती, सासूबाई एकट्या, तुळसा चार वर्षांची. दर आठवड्याला पोराला घेऊन डोंगर उतरायचा म्हटलं तर इथलं घर बंद होईल.

छाती दुधानं दगडासारखी झाली होती. सासूबाईंनी घट्ट फडकं बांधलं आन् स्वतः तिकडं तोंड करून बसल्या. तुळसा दारात उभी होती. बोलली, "आई, बाळ कुठं इसरलीस?"

तो गाईचं दूध पितो का? झोपताना कान चोळा, मग झोपतो. प्लास्टर ओलं झालं तर काय करायचं ते डॉक्टरांना नीट विचारून घ्या.

आवडी


महाड,
३० डिसेंबर १९५७

आवडी,

सोनबाचं खुशाल आहे. आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

परवा पुन्हा प्लास्टर बदललं. जुनं प्लास्टर आदल्या दिवशी कोमट पाण्यात भिजवून मीच सोडवते. खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली निघते. तेवढ्या वेळात तो स्वतःचाच पाय दोन्ही हातांत धरून बघत बसतो. दवाखान्यात डॉक्टर पाऊल धरून बाहेर वळवतात, कंपाउंडर ओल्या पट्ट्या गुंडाळतो आणि गुडघा मला धरून ठेवावा लागतो. तू होतीस तेव्हा तुला पाहवलं नव्हतं. तुझ्या दादांनाही पाहवत नाही, ते बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहतात. मी धरते. कोणी तरी धरलं पाहिजे.

नंतर येताजाता बोटं दाबून बघते. बोटं गुलाबी असली, ऊन असली की ठीक. गार किंवा निळी पडली तर प्लास्टर लगेच काढायचं. एकदा तसं झालं होतं, पण वेळेवर लक्षात आलं.

दूध वाटीनं पितो. पेज आवडते. कानाचं तू सांगितलंस ते खरं निघालं. आता माझा हात कानाला लागला नाही तर झोपतच नाही.

आनंदी


कुडपण,
१६ फेब्रुवारी १९५८

वयनी,

संक्रांतीला आले तेव्हा सोनबा माझ्याकडं आला, मांडीवर बसला. पण तुमी न्हाणीत गेलात तसा दाराकडं बघत राहिला. 

आज दुसरंच लिहायचं हाय. सासूबाई माळ्यावरनं पडल्या. गवताचा भारा काढायला चढल्या होत्या. मी बोलले होते, मी काढते. ऐकलं नाय. खुब्यातनं पाय मोडला असं वाटतं, कूस बदलता येत नाय. परत तोच हाडवैद्य आला आन् त्याच पट्ट्या बांधून गेला. मी नको बोलत होते, भावकीतल्या पुरुषांनी ऐकलं नाय. सगळं जागेवर करावं लागतं.

काल मला जवळ बोलावून बोलल्या, "पोराचं केलंस तसं माझं पण कर गो काय तरी." त्यांना काय सांगू? डॉक्टरांना विचारून बघा.

आता त्यांना सोडून मला निघता येणार नाय. शिमग्याला एक दिवस आले तर येईन, कोणी त्यांच्यापाशी बसलं तर.

आवडी


महाड,
२६ फेब्रुवारी १९५८

आवडी,

सासूबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्यावं लागेल, पण या वयात डोंगर उतरताना त्या टिकतील याची खात्री देता येत नाही. भागोजीरावांना तूच लिही. ते मुलगा आहेत, त्यांनी ठरवावं.

सोनबाच्या पायाचा पुढचा भाग आता चांगला सरळ आला आहे. पण टाच खाली येत नाही. टाचेमागची शीर आखूड आहे, ती मुंबईच्या दवाखान्यात कापून लांबवावी लागेल. उन्हाळ्यात नेऊ म्हणतो. यांनी रजेचा अर्ज केला आहे.

आणखी एक लिहायचं आहे, ते वाईट वाटून घेऊ नकोस. शिमग्याला येऊ नकोस. संक्रांतीला तू गेल्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता, अंगही तापलं होतं. तेव्हा तुला कळवलं नाही. आता ऑपरेशनच्या आधी त्याचं वजन कमी व्हायला नको, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. तू एक दिवस येणार आणि जाणार, त्याला ते पुन्हा सगळं सोसावं लागणार.

आनंदी


मुंबई,
४ मे १९५८

आवडी,

ऑपरेशन झालं. सोनबा शुद्धीवर आला आहे, दूध प्यायला आहे. पाय प्लास्टरमध्ये आहे आणि टाच जागेवर बसली आहे असं इथले डॉक्टर म्हणाले.

आम्ही यांच्या गाववाल्यांच्या खोलीवर उतरलो आहोत. भागोजीराव गोदीतून सुटले की सरळ दवाखान्यात येतात. पत्र्याची एक मोटार आणली होती. ती गादीवर चालवून दाखवतात. पहिल्या दिवशी डॉक्टरांना फक्त एवढं विचारलं, "चालंल ना साहेब?" डॉक्टर म्हणाले, चालेल, पण मोठा होईपर्यंत लक्ष ठेवावं लागेल, हा पाय परत वळू बघतो. नंतर भागोजीरावांचंही मत पडलं, की आणखी वर्षभर तरी तो आमच्याकडेच राहावा.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी लिहिलेली बरी. ऑपरेशनच्या खोलीतून नर्स बाहेर आली आणि तिनं विचारलं, "सोनबाची आई कोण?" मी उठले. मामी आहे, आई गावाला आहे, हे सांगत बसायची ती वेळ नव्हती.

आनंदी


कुडपण,
१ जून १९५८

वयनी,

तुमचं पत्र बाजारकऱ्यांच्या हातून आलं. टाच बसली हे वाचून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हात जोडले.

ह्यांचं मत पडलं ते ह्यांनी मला लिहिलं नाय. सासूबाईंना मुंबईला न्यायचं तर काय, याचाही जबाब आला नाय. पुरुषांना लांबून मत पडतं.

तुमी उठलात ते बरं केलंत. पण घरी आल्यावर त्याला मामी बोलायला शिकवा. एवढं माझं ऐका.

आता पाऊस लागंल. ओढे चढले की पत्र वर येत नाय. चार महिने काय कळलं नाय तर पोर बरं हाय असंच मी समजेन.

आवडी


महाड,
१२ ऑक्टोबर १९५८

आवडी,

तुझा सोनबा चालला. गणपतीच्या आदल्या दिवशी. ओट्याच्या कडेला धरून उभा होता, मी पलीकडे तांदूळ निवडत होते. त्यानं कड सोडली आणि माझ्यापर्यंत आला. पायात दवाखान्यातले बूट होते. डावी टाच जमिनीला टेकत होती, आवडी. मी पुन्हा पुन्हा वाकून बघितली. तू इथं असायला हवी होतीस. यांना कचेरीतून बोलावून आणलं तर यांच्यासमोर चालायला तयार होईना.

आता दिवसा साधे बूट आणि झोपताना पट्टीचे. दोन्ही बूट एका लोखंडी पट्टीवर बसवलेले असतात, त्यामुळे पावलं बाहेरच्या बाजूला धरून ठेवली जातात. हे बरेच दिवस चालणार. अजून वर्षभर तरी त्याला इथून हलवू नये, दवाखाना जवळ असलेला बरा.

मामी म्हणायला शिकवते. 'मा' म्हणतो. पुढचं अजून जमत नाही.

आनंदी


कुडपण,
३० नोव्हेंबर १९५८

वयनी,

सासूबाईंचं दिवसकार्य परवा झालं. हे मुंबईहून आले होते, दादाही आला होता, तुमाला माहीतच हाय.

शेवटचे काही दिवस त्या एकच विचारत होत्या, "चालतो का गो?" मी बोलायचे, चालतो. "टाच टेकतो?" टेकतो. मी तरी कुठं बघितला होता? तुमच्या पत्रातलं सगळं त्यांना सांगत होते. मग त्यांनी हात लावून माझी टाच दाबून बघितली, अशी टेकतो का म्हणून. त्या गेल्या तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता.

दादा जेवताना बोलला, डॉक्टरांनी दसऱ्याच्या आधीच सांगितलंय, पोराला गावी न्यायला हरकत नाय, दोन महिन्यांनी दाखवून जा म्हणजे झालं. त्याच्या तोंडून निघून गेलं. माझ्याकडं बघितलं आन् खाली मान घालून जेवायला लागला.

मी रागावले नाय असं लिहिणार होते. पण रागावले. तुमी त्याला जगवलंत, पायावर उभा केलात, हे मी मरेपर्यंत इसरणार नाय. म्हणून तर जास्त राग आला. तुमी मागितला असता तर मी नाय बोलले असते, पण तुमी मागितला नायत, लपवून ठेवलात.

पंधरा दिवसांनी येते आन् पोराला घेऊन जाते. पट्टीचे बूट बांधायचे कसे ते मला शिकवा.

आवडी


महाड,
११ जानेवारी १९५९

आवडी,

तू गेल्यापासून पत्र लिहायला घेते आणि ठेवून देते. एसटीत तू त्याला घट्ट धरून बसली होतीस आणि तो तुझ्या खांद्यावरून मागे बघत होता. त्या वाटेनं मी अजून बाजाराला जात नाही. यांनी पाळणा खोलीतून काढून माळ्यावर टाकला. तू जे लिहिलंस ते खरं आहे, त्यावर मी काही बोलणार नाही.

बुटांचं एवढं लक्षात ठेव. मोज्याला सुरकुती राहू देऊ नकोस, फोड येतो. टाच बुटात खाली बसली आहे की नाही हे बोट घालून बघ, नाही तर बांधलेलं न बांधल्यासारखं. तो रडेल, पाय झाडेल. सोडू नकोस. मला ते जड जात नव्हतं असं समजू नकोस.

बूट आखूड वाटले की लगेच कळव.

जेवतो का, एवढं तरी लिही.

आनंदी


कुडपण,
२२ फेब्रुवारी १९५९

वयनी,

जेवतो. पण माझ्या हातनं नाय. तुळसानं भरवलं तर जेवतो. पहिले आठ-दहा दिवस वाटेच्या तोंडाशी जाऊन बसायचा आन् खाली बघायचा. कोणी बाई डोक्यावर काय घेऊन चढताना दिसली की उठायचा. जवळ आली की परत बसायचा. आता बसत नाय. तुळसानं त्याला कोंबड्यांच्या मागं धावायला शिकवलंय. चालतो, पडतो, उठतो. सगळी वाडी त्याची टाच बघायला आली होती.

झोपताना बूट बांधते तेव्हा माझ्या मनगटाला चावतो. मी हात काढून घेत नाय, गाठ मारून होईस्तोवर. तुळसाला नावानं हाक मारतो, शेजारच्या साळूबाईला काकी बोलतो, मला 'ए' बोलतो. खरं सांगू वयनी, मी त्याची कोणी नाय, मी बूट बांधणारी बाई हाय.

पण बांधते. एक दिवस चुकवलेला नाय.

हे शिमग्याला येणार हायत. तेव्हा मला आई बोलंल म्हणतात, बापाला बघून.

आवडी


कुडपण,
२० सप्टेंबर १९५९

वयनी,

पाय परत आत चाललाय.

सगळं लिहिते. आषाढ लागला आन् बूट आखूड झाले. बोटं दुमडायला लागली, अंगठ्याला जखम झाली. तुमाला कळवायचं तर खाली कोण जाणार? ओढा दुथडी. मी कोयत्यानं बुटाचं पुढचं तोंड कापलं, बोटं बाहेर काढली आन् तसेच बांधले. मग पट्टीवरचा खिळा निसटला. गावात लोहार नाय. सुतळीनं बांधलं, ती सुटायची. ह्यांनी आपणहून मुंबईहून नवे बूट धाडले होते, ते पोलादपूरला येऊन पडले. पावसात वर आणायला माणूस चढेना. ते परवा हातात आले. आता त्यात डावा पाय बसत नाय, टाच वर राहते.

मी दोन वेळा त्याला पाठीला बांधून निघाले होते. मला सहावा महिना चाललाय. एकदा ओढ्याच्या मधे पाय सरकला, दगडाला धरून परत आले. दुसऱ्यांदा साळूबाईचा नवरा वाट अडवून उभा राहिला. बोलला, तिघं वाहून जाल.

सोनबाला कळतंय. आधी धावायचा, आता बसून खेळतो. काल तुळसाला बोलला, "माझा पाय वाईट झाला." ते दोघं मला ऐकू नये म्हणून हळू बोलत होते.

पाऊस उघडलाय. डोली करून मी त्याला घेऊन उतरते. डॉक्टरांना सांगून ठेवा. मी बांधत होते वयनी. तुमी तरी खरं माना.

आवडी


महाड,
८ नोव्हेंबर १९५९

आवडी,

तू बांधत होतीस हे मी डॉक्टरांच्या आधी मानलं होतं. तुझ्या मनगटावरच्या खुणा मी पाहिल्या. डॉक्टर म्हणाले, बूट नीट असते तरी काही मुलांचा पाय असा परत फिरतो. हे ते तुझ्या समाधानासाठी बोलले की खरंच, ते मला सांगता येणार नाही.

प्लास्टर पुन्हा सुरू झालं आहे. आता तो मोठा आहे, त्याला सगळं समजतं. पहिल्या वेळी नुसता रडायचा. आता दवाखान्याची पायरी दिसली की "नको, मी शहाणा झालो" म्हणतो. परवा यांना बाहेर जाता आलं नाही, दोघांनी मिळून धरावं लागलं. घरी येऊन हे जेवले नाहीत.

तुळसाची आठवण काढतो. तुझीही एकदा काढली. म्हणाला, "ती बूट बांधते ती येणार?" मी हो म्हणाले तर कोपऱ्यात जाऊन बसला. लिहू की नको असं झालं होतं. पण मी आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही असं ठरवलं आहे.

निघताना तू म्हणालीस, पाय पुरा होईपर्यंत मी न्यायला येत नाही. मी ऐकलं आहे. तुझं बाळंतपण सांभाळ.

आनंदी


कुडपण,
३ जानेवारी १९६०

वयनी,

मुलगी झाली. सुईणीनं उचलली तसे मी आधी पाय मागितले. दोन्ही सरळ हायत. मग तोंड बघितलं.

आवडी


महाड,
९ एप्रिल १९६१

आवडी,

काल डॉक्टरांनी सोनबाला अंगणात पळायला लावलं, टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर उभं केलं. मग मला म्हणाले, आता बूट नको, पट्टी नको. डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक राहील आणि पाऊल थोडं लहान, ते तसंच राहणार. बाकी पाय पुरा झाला. वर्षातून एकदा दाखवायचं.

ज्या दिवशी सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हे लिहायला बसले आहे.

तो चार वर्षांचा झाला. मला आई म्हणतो, यांना बाबा. मी शिकवलं नाही, गल्लीतल्या मुलांचं ऐकून म्हणायला लागला. सुरुवातीला सुधारत होते, मग थकले. तुझी आई कुडपणला असते, हे मी त्याला सांगते. तो ऐकतो आणि खेळायला जातो.

तो तुझा आहे. पाय पुरा होईपर्यंत असं ठरलं होतं, पाय पुरा झाला. उन्हाळ्यात ये आणि घेऊन जा. मी त्याचे कपडे बांधून ठेवते. मी रडेन, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आनंदी


कुडपण,
२१ मे १९६१

वयनी,

मी पोचले. मी निघताना तुमी दारात काय विचारत होतात त्याला मला तिथं जबाब देता आला नाय. तो आता लिहिते.

मी त्याला आणायला म्हणूनच आले होते. ह्यांना तसं लिहिलं होतं. तुळसानं त्याच्यासाठी करवंदं काढून पानात बांधून दिली होती. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तर ओट्यावर तुमच्या शेजारच्या बयाबाई बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. पोरं खेळत होती तिकडं त्यांनी हाक मारली, "सोन्या, धाव, तुझी आत्या आली कुडपणची."

तुमाला आई बोलतो, मग दादाची बहीण त्याची आत्याच झाली. बयाबाईंचं काय चुकलं?

तो धावत आला. मी त्याचं तोंड नाय बघितलं, पाय बघितले. दोन्ही सारखे पडत होते. धूळ उडत होती. येऊन माझा हात धरला आन् बोलला, "आत्या, काय आणलंस?" आजवर मी त्याच्यासमोर गेले ती त्याला कुठून तरी न्यायला, नाय तर कुठं तरी सोडायला, नाय तर बांधायला. माझ्याकडं बघून तो पहिल्यांदा धावत आला. मी करवंदं दिली. हात धरूनच मला घरात घेऊन आला.

तुमी दारात होतात. मी कोण ते तुमी सांगायला तोंड उघडलंत, तेव्हा मी तुमचा हात दाबला. तुमाला वाटलं मी दमले.

दुसऱ्या दिवशी तुमी गाठोडं आणून ठेवलंत. तो त्याच्यावर बसून खेळत होता, कोणाचं हाय ते त्याला माहीत नव्हतं. मी उचललं असतं तर त्याला कळलं असतं. मग मला त्याला परत धरून एसटीत बसवावं लागलं असतं. इथं आणून काय? पाय परत फिरला तर पावसात मी परत ओढ्याच्या अलीकडं उभी. आन् फिरला नाय तरी तो वाटेच्या तोंडाशी जाऊन बसणार. ज्या पायांसाठी एवढं सोसलं, ते मला बघून पळायला लागले तर मी काय करू?

तुमी लपवलंत तेव्हाचा राग माझ्यात अजून थोडा हाय. तो राहू दे. पोराचा त्याच्याशी संबंध नाय.

ह्यांना लिहिलंय. ते काय बोलणार नायत. तुळसाला सांगितलं, भाऊ मामाकडं शिकतो. ती बोलली, मग करवंदं खाल्लीन का? खाल्लीन बोलले. धाकटी आता चालते, माझ्या मागं मागं सगळ्या घरात असते. रात झाली की माझ्या हाताला सवय हाय, तिच्या पायाकडं जातो. तिथं बांधायचं काय नसतं.

त्याला शाळेत घाला. नाव घालताना दादाचं घाला, म्हणजे पोरं काय विचारणार नायत.

दिवाळीला येईन, एक रात राहीन. मी येणार हे त्याला आधी सांगा, म्हणजे तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहील. कोण येणार विचारलंन तर आत्या येणार सांगा.

आवडी